नाइट मारण्याची गोळी

मेडिकलमधून आणलेली गोळ्यांची एखादी स्ट्रिप उलटी करून पाहा. चंदेरी कागदावर, डोळे बारीक करून वाचावे लागेल अशा अक्षरांत, औषधाच्या नावाजवळ एक खूण असते. ‘आरएक्स’ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचे. खूण लाल रंगात आणि ‘एनआरएक्स’ अशी असेल तर ते औषध 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही येते. लाल रेघेच्या चौकटीत इशारा छापलेला असेल तर ते ‘शेड्यूल एच-1’मधले. ते विकताना दुकानदाराने डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले हे वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे सांभाळायची, असा नियम 1 मार्च 2014 पासून आहे. एवढी सगळी माहिती बोटभर जागेत मावते. पण छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगर, गारखेडा, हनुमाननगर, जयभवानीनगर या पट्ट्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कुणी ‘जागायची गोळी’ देऊ केली, तर ती अख्खी स्ट्रिप सहसा नसते. कात्रीने कापलेला दोन गोळ्यांचा तुकडा असतो. त्यावर नाव अर्धे, मुदतीची तारीख दुसऱ्याच्या तुकड्यावर, खूण तिसऱ्याच्या. आपण काय गिळतो आहोत हे वाचायची सोयच त्या कात्रीने काढून घेतलेली असते.

म्हणून आधी नावे घेऊन बोलू. अभ्यासासाठी ‘नाइट मारायला’ वापरल्या जाणाऱ्या उत्तेजक गोळ्यांत दोन नावे मुख्य. पहिली मोडाफिनिल. दिवसाढवळ्या अनावर झोप येण्याचा नार्कोलेप्सी हा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा विकार आणि रात्रपाळीमुळे बिघडलेली झोप, यांसाठी ती दिली जाते. दुसरी मिथाइलफेनिडेट. लक्ष एका जागी न ठरणाऱ्या, अतिचंचल मुलांच्या आजारात, ज्याला सगळे एडीएचडी म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञ ती देतात. सिबा या स्विस कंपनीतल्या लिअँड्रो पॅनिझॉन नावाच्या रसायनतज्ज्ञाने ती 1944 मध्ये तयार केली आणि बायकोच्या लाडक्या नावावरून, रिटावरून, तिचे रिटालिन झाले. अमेरिकी कॉलेजांत गाजलेली अॅडरॉल ही अॅम्फेटामिनची गोळी आपल्याकडे औषध म्हणून विकलीच जात नाही, त्यामुळे त्या नावाने कुणी काही विकत असेल तर आत काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. तिसरे एक औषध गोळीचे नसून इंजेक्शनचे आहे, मेफेंटरमिन. त्याचा संबंध पुस्तकापेक्षा मैदानाशी जास्त, म्हणून त्याच्याकडे नंतर येऊ.

या गोळ्या घेऊ नका असे सांगणे सोपे आहे. ‘शरीराला वाईट’ हे कारण वीस वर्षांच्या मुलाला फारसे पटत नाही, कारण त्या वयात शरीर बराच मार सहन करते आणि समोर नीट, राज्यसेवा किंवा सेमिस्टर असते. तेव्हा त्याच्याच हिशेबाने बोलावे. त्याचा हिशेब असा, की गोळीने चार तास जास्त मिळतात, चार तासांत दोन प्रकरणे जास्त होतात आणि दोन प्रकरणांचे गुण जास्त मिळतात. यातले पहिले वाक्य खरे आहे. गोळीने जाग येते, भूक मरते, बैठक लांबते, यात खोटे काही नाही. दुसऱ्या वाक्यापासून हिशेब चुकतो, आणि तो चुकतो हे संशोधकांनी मोजून दाखवलेले आहे.

2023 मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात मेलबर्न विद्यापीठाच्या आणि सहकारी संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चाळीस निरोगी तरुण माणसे घेतली. त्यांना वेगवेगळ्या दिवशी मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल, डेक्स्ट्रोअॅम्फेटामिन आणि एकदा नुसती बिनऔषधाची गोळी दिली. आज कोणती दिली हे त्यांना सांगितले नाही. मग त्यांच्यापुढे एक कोडे ठेवले. कोडे आपल्या रोजच्या ओळखीचे आहे. गावी जाताना एकच पिशवी आहे, ती ठरावीक वजनापलीकडे पेलवत नाही, आणि नेण्याजोग्या वस्तू दहा-बारा. प्रत्येकीचे वजन वेगळे, मोल वेगळे. पिशवी फाटणार नाही आणि आतल्या वस्तूंचे एकूण मोल सर्वांत जास्त होईल, असे काय भरायचे? कागदावर सोपे वाटणारे हे कोडे फार चकवते, कारण एक वस्तू काढून दुसरी घातली की सगळा जमाखर्च बदलतो. परीक्षेतल्या बऱ्याचशा निर्णयांचा स्वभाव असाच असतो. कोणता प्रश्न आधी, कोणता सोडायचा, दहा गुणांच्या उत्तरात कोणते चार मुद्दे घ्यायचे, हे सगळे पिशवी भरणेच आहे.

निकाल पाहण्यासारखा होता. औषध घेतलेल्या दिवशी माणसांनी जास्त वेळ दिला, जास्त वेळा वस्तू आत-बाहेर केल्या, म्हणजे राबली जास्त. पण पिशवीत जमलेले मोल वाढले नाही, उलट थोडे घसरले. हालचाली जास्त आणि त्या बऱ्याचशा फुकट. त्याहून टोचणारी बाब अशी, की बिनऔषधाच्या दिवशी ज्यांची कामगिरी सरासरीहून चांगली होती त्यातले अनेक जण औषधाच्या दिवशी सरासरीच्या खाली गेले. आपल्याकडे गोळी कोण शोधतो याचा विचार करा. पहिल्या बाकावरचा, दोन-चार गुणांनी यादीतून राहिलेला, आणखी थोडा जोर लावला की होईल असे वाटणारा मुलगा. या प्रयोगात सर्वांत जास्त तोटा त्याच जातीच्या माणसांचा झाला. प्रयोग चाळीस माणसांवरचा आहे, त्याच्या पायावर सगळे जग उभे करता येणार नाही, हे मान्य. पण ज्या गोळीवर पैसे आणि तब्येत लावायची तिच्या बाजूने निरोगी माणसांत याहून भक्कम पुरावा असायला हवा होता, आणि तसा तो नाही.

‘मग टॉपर कसे घेतात? आणि घेणारा प्रत्येक जण फायदा झाला म्हणतो ते कसे?’ हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या 2013 मधल्या अभ्यासात सापडते. 46 निरोगी माणसांना एकदा अॅम्फेटामिनची गोळी आणि एकदा बिनऔषधाची गोळी देऊन स्मरणशक्ती, शब्दसंपत्ती, कल्पकता अशा अनेक कसोट्या घेतल्या. गुणांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो त्यांच्या मतात, गोळी घेतलेल्या दिवशी आपण जास्त चांगले काम केले असे त्यांना वाटले. या औषधांमुळे मेंदूत डोपामिन वाढते, आणि डोपामिनचा एक उद्योगच असा, की हातातले काम महत्त्वाचे आणि आपण ते झकास करतो आहोत असे वाटायला लावणे. रात्री तीनला चार रंगांच्या हायलायटरने रंगवलेले पान त्या क्षणी पाठ झालेलेच वाटते. म्हणून ‘मला फायदा झाला’ ही साक्ष या खटल्यात चालत नाही, कारण साक्षीदारच गोळीच्या अमलाखाली आहे. अमेरिकेत मेरिलँडच्या संशोधकांनी कॉलेजच्या मुलांचे गुण वर्षभराच्या अंतराने ताडून पाहिले, तेव्हा चिठ्ठीशिवाय उत्तेजके घेणाऱ्यांचे गुण न घेणाऱ्यांपेक्षा वाढलेले दिसले नाहीत.

आता झोपेचे. 1924 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख या दोघांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले आणि काही तासांनी किती आठवतात ते तपासले. पाठांतरानंतर झोपल्यावर त्यांना जास्त आठवले, जागे राहिल्यावर कमी. गेल्या शंभर वर्षांत हीच गोष्ट कितीतरी तऱ्हांनी पुन्हा पुन्हा तपासली गेली. दिवसा वाचलेले पक्के बसण्याचे काम रात्री, आपण झोपलेले असताना होते. नाइट मारणारा मुलगा माल गोदामात आणतो आणि हमालांना सुटी देतो. शिवाय जागरणाचा दुसऱ्या दिवशीचा हिशेब असतो. 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासानुसार सलग 17 तास जागे असलेल्या माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे. पेपरला जाताना दुचाकी चालवणाऱ्याने एवढे गणित करायला हरकत नाही.

मोडाफिनिलचे अर्धे औषध शरीराबाहेर पडायला साधारण 12 ते 15 तास लागतात. रात्री दहाला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत निम्मी शिल्लक असते, म्हणजे एक रात्र जिंकायला निघालेला माणूस पुढची झोपही गमावून बसतो. नीटची परीक्षा दुपारी दोनला सुरू होते. महिनाभर पहाटे चारला झोपून अकराला उठणाऱ्या मुलाचा मेंदू दोन वाजता नुकता कुठे चहा मागत असतो. राज्यसेवेची तर गोष्टच बदलली आहे. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. आता चार पर्यायांतून गोल काळा करायचा नाही, विचार मांडायचा आहे, वेळेत आणि शब्दमर्यादेत. पिशवी भरण्याचे कोडे ज्या औषधाने बिघडते त्याच्या भरवशावर ही परीक्षा देणे म्हणजे ताप मोजायला घड्याळ लावणे.

कॉफीचे काय, असे कुणी विचारेल. कॅफिनही उत्तेजकच आहे आणि अमृततुल्यच्या टपरीवर ते चिठ्ठीशिवाय मिळते. खरे आहे. फरक मात्रेचा, परिणामाच्या जोराचा आणि आपल्याला असलेल्या अनुभवाचा आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढासाठी दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत धोका नाही असे म्हटले आहे. आपल्या एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन चालत नाही, म्हणजे 250 मिलिलिटरच्या कॅनमध्ये फार तर 75. हे आकडे डब्यावर वाचता येतात, जास्त झाले तर हात थरथरून शरीर स्वतःच ओरडते. मिथाइलफेनिडेटने नाडी आणि रक्तदाब किती वाढेल हे आधी तपासल्याशिवाय कळत नाही, आणि वीस वर्षांच्या किती मुलांनी आयुष्यात एकदा तरी ईसीजी काढलेला असतो? मोडाफिनिलने क्वचित अंगभर जीवघेणे पुरळ उठते. हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम तिच्यामुळे कमी होतो, ही गोष्ट चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर सांगतो, तुकडा कापून देणारा रूम पार्टनर सांगत नाही. आणि कॉफीसुद्धा संध्याकाळी सहानंतर घेऊ नये, हेही जाता जाता.

इथपर्यंत वाचून एखादा म्हणेल, की हे सगळे मेलबर्न आणि अमेरिकेचे, आपल्या गल्लीचे काय? आपल्या गल्लीची गोष्ट जास्त बोलकी आहे. छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ म्हणजे काय हे शाळकरी पोरालाही माहीत असते. बटन म्हणजे मुख्यतः नायट्राझेपाम, झोपेची गोळी. तीव्र निद्रानाशात थोड्या दिवसांसाठी आणि काही प्रकारच्या अपस्मारात डॉक्टर ती देतात. मालेगावची ‘कुत्ता गोळी’ तिची चुलत बहीण, अल्प्राझोलाम, घबराटीच्या आजारावरची. दोन्ही एच-1च्या यादीत आहेत, दोन्ही एनडीपीएसमध्ये आहेत, दोन्ही परवानाधारक कारखान्यांत बनतात. आणि तरी या शहरात मारामारीच्या, लूटमारीच्या बातम्यांत वर्षानुवर्षे ‘बटनच्या नशेत’ हे शब्द छापून येत आहेत. एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या आणि केंद्र सरकारने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात देशातल्या 10 ते 75 वयोगटात अॅम्फेटामिन जातीची उत्तेजके वापरणारे 0.18 टक्के निघाले, तर झोपेच्या व गुंगीच्या औषधांचा औषधाबाहेरचा वापर करणारे 1.08 टक्के, म्हणजे सुमारे 1 कोटी 18 लाख. सहापट. आपल्याकडचा मोठा खड्डा उत्तेजकाचा नाही, गुंगीचा आहे.

मग उत्तेजकाच्या लेखात बटन कशाला? कारण दोन्ही एकाच दोरीची टोके आहेत. ‘ही काही गर्द नाही, कंपनीचे औषध आहे, मेडिकलमध्ये मिळते’ हा युक्तिवाद जागायच्या गोळीसाठी केला जातो आणि तो ऐकणाऱ्यांना पटतोही. बटनही कंपनीचेच औषध होते. औषधाला सुरक्षित ठेवते ते कारखान्याचे नाव नसते. आजार काय आहे हे ठरवणारा डॉक्टर, मात्रा, मुदत आणि पुन्हा तपासणी ही साखळी त्याला सुरक्षित ठेवते. साखळी तुटली की तीच गोळी काय करते, हे या शहराने उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. दुसरे कारण अधिक रोजचे. दोन रात्री गोळीवर काढलेल्या मुलाला तिसऱ्या रात्री झोपायचे असते आणि झोप येत नाही. छाती धडधडते, जबडा आवळलेला, डोळे टक्क. त्या वेळी ‘अर्धी घे, शांत लागेल’ म्हणणारा भेटला की दोरीचे दुसरे टोकही हातात येते. जागायला एक, झोपायला एक. हे चक्र सुरू झालेल्या मुलाला अभ्यासाचे व्यसन आहे असेच घरच्यांना वाटत राहते.

मेफेंटरमिनची गोष्ट वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येते. पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर, विशेषतः सिझेरियनच्या वेळी, रक्तदाब एकदम उतरतो. तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन देतात, मॉनिटर लावून, ऑक्सिजन शेजारी ठेवून. जिममध्ये आणि भरतीच्या तयारीत तेच दम वाढवायला टोचून घेतले जाते. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत त्याचे साठे पकडल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचे असते. ज्याचा रक्तदाब उतरलेलाच नाही अशा, उन्हात पळणाऱ्या माणसाला हे औषध टोचले तर हृदयावर काय ताण येईल हे कळायला वैद्यकीचे शिक्षण लागत नाही. वारंवार घेणाऱ्यांत संशय, भास आणि वेडाचे झटके नोंदले गेले आहेत. एकच सुई दोघा-तिघांत फिरली तर कावीळ बी, सी आणि एचआयव्ही वेगळे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत ते नावानिशी आहे. सूतगिरणी चौकाजवळच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या आसपास पहाटे पळायला जाणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या अकादमीच्या सरांनी हे नाव लक्षात ठेवावे, इतकेच.

‘मी फक्त परीक्षेपुरती घेतो’ हा सर्वांत गोड आक्षेप. सेमिस्टर पद्धतीत परीक्षा वर्षातून दोनदा, त्याआधी इंटर्नल. स्पर्धा परीक्षा देणाऱ्याच्या आयुष्यात तर पूर्व, मुख्य, मग दुसऱ्या पदाची पूर्व, पुढचा अटेम्प्ट, असे बाराही महिने परीक्षेचेच असतात. ‘परीक्षेपुरती’ या शब्दाला तिथे सीमा उरत नाही. आणि शरीराला सवय लागण्याआधी मनाला एक धडा मिळतो, की साध्या डोक्याने माझ्याने होत नाही. हा धडा गोळी बंद केल्यावरही राहतो. परीक्षा हॉलमध्ये गोळी नसलेल्या दिवशी तोच पहिला आठवतो.

आता ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्याविषयी, कारण अशा लेखांनी त्यांचे नुकसान होऊ शकते. एडीएचडी हा खरा आजार आहे आणि त्यात मिथाइलफेनिडेट नीट काम करते. लहानपणापासून वस्तू हरवणे, अर्धे वाक्य ऐकून उठणे, वाचताना तीच ओळ पाच वेळा वाचणे, आणि हे घरी, शाळेत, खेळात सगळीकडे, असे असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला जरूर दाखवा. घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, तिथे जाण्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त परीक्षा जवळ आल्यावरच लक्ष लागत नसेल तर तो बहुधा आजार नसून काळजी किंवा अपुरी झोप असते, आणि तिचे उपाय निराळे. निदान झालेल्यांनी आपली स्ट्रिप मित्राला देऊ नये. ‘एकच तर दिली’ म्हणून होणारे नुकसान दोन्हीकडचे आहे, त्याच्या शरीराचे आणि तुमच्या कायदेशीर बाजूचेही. चिठ्ठी तुमच्या नावाची आहे.

मग करायचे काय? रोज वाचनाचे तास मोजणे बंद करा, पुस्तक मिटून किती आठवते ते मोजा. रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 मधल्या प्रयोगात मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने 42 टक्के आठवला, तर एकदा वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. गंमत म्हणजे पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त येईल अशी खात्री होती. कोरा कागद घ्या, प्रकरणाचे नाव लिहा आणि आठवेल ते उतरवा. हे काम कंटाळवाणे आहे, कारण काय येत नाही ते लगेच दिसते, आणि म्हणूनच ते उपयोगी आहे. पेपर ज्या वेळी आहे त्या वेळी, निदान शेवटचे तीन आठवडे, जड विषय घ्या. दुपारी डोळे मिटत असतील तर वीस-पंचवीस मिनिटांचा गजर लावून पडा, तासभर नको. आठ जणांच्या खोलीत झोप लागत नसेल तर प्रश्न खोलीचा आहे, गोळीचा नाही. दिवे कधी बंद करायचे हे रूम पार्टनरांनी एकदा बसून ठरवा, कानात घालायचे कापसाचे बोळे वीस रुपयांत येतात. आणि मेसचा रात्रीचा डबा चुकवून नाइट मारू नका. भुकेने जागे राहिलेला मेंदू दुसऱ्या पानाला पोहोचत नाही.

गोळी आधीच सुरू असेल तर एक धोक्याची गोष्ट ठळक सांगायला हवी. उत्तेजक बंद केल्यावर दोन-चार दिवस प्रचंड झोप, उदासी, चिडचिड येते, आणि मरणाचे विचार आले तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा. पण बटन किंवा अल्प्राझोलाम रोज घेत असाल तर ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने फिट येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावे लागते. कुणाच्या छातीत दुखत असेल, तो बरळत असेल, फिट आली असेल किंवा उठवून उठत नसेल तर 108 ला फोन करा, उरलेला तुकडा बरोबर घ्या आणि डॉक्टरांना गोळीचे नाव खरे सांगा. पोलिसांच्या भीतीने नाव लपवल्याने उपचार चुकतात.

यावर शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की गोळी घेणाऱ्या पोराला काय शिकवता, त्याच्यावरचे ओझे पाहा. बीड, जालना, परभणीहून आलेला, घरची दोन एकर आणि वर क्लासची फी, वय उलटत चाललेले, जागा शंभर आणि अर्ज लाखात. हे खरे आहे, आणि या लेखाने ते ओझे उचलले जाणार नाही. पण त्यातले एक वजन घरच्यांच्या हातात आहे. रविवारच्या फोनवर ‘किती तास झाला अभ्यास?’ हा प्रश्न विचारणे सोडा. या प्रश्नाला एकच मान्य उत्तर असते, मोठा आकडा, आणि गोळी नेमका तोच आकडा विकते. त्याऐवजी काय खाल्ले, किती वाजता झोपलास, हे विचारा. महिन्याभरात वजन उतरले, बोलणे भरभर झाले, फोन पहाटे तीनला ऑनलाइन दिसतो, पैसे वारंवार लागतात, तर रागावण्याआधी एक बस धरून या. अभ्यासिकेच्या मालकांनी चोवीस तास उघडे असण्याची जाहिरात करताना निदान रात्री अकरानंतर काही दिवे कमी करावेत. आणि मेडिकलवाल्यांनी, ज्यांच्यातले बहुसंख्य आपल्या वह्या नीट ठेवतात, तुकडा मागणाऱ्याला चिठ्ठी विचारण्याचा संकोच सोडावा. चिठ्ठीशिवाय ही औषधे देणारे दुकान माहीत असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक 1800222365 आहे.

व्यसनाबद्दल सल्ला हवा असेल तर केंद्राचा 14446. नुसते बोलायचे असेल, झोप येत नसेल, पेपरची भीती वाटत असेल, तर टेलिमानस, 14416. तो रात्री तीनलाही लागतो, फोनवर मराठीत बोलता येते, आणि त्याला चिठ्ठी लागत नाही.